त्वचेवर उमटणारे अंतःस्रावांचे विकार : प्रस्तावना

अंतःस्रावी ग्रंथी तपासणाऱ्याच्या हाताला सहसा लागत नाहीत. गळ्यातली थायरॉईड आणि पुरुषांची वृषणे सोडली, तर बाकीच्या साऱ्या खोल दडलेल्या आहेत. पिट्युटरी मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, जेमतेम वाटाण्याएवढी. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी जठरामागच्या स्वादुपिंडात विखुरलेल्या. पण या ग्रंथींची संप्रेरके रक्तातून शरीरभर फिरतात आणि त्वचेचा जवळजवळ प्रत्येक घटक त्यांच्या हुकमतीत असतो : रंगपेशी, केसांची मुळे, तैलग्रंथी, घामाच्या ग्रंथी, त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या. म्हणून एखादे संप्रेरक कमी-जास्त झाले की त्याची खूण त्वचेवर उमटते. पुष्कळदा ती रुग्णाने तक्रार सांगण्याच्या आधी दिसते, आणि कधी कधी रक्ततपासणीत काही सापडण्याच्याही आधी.

या खुणा ओळखायला शिकू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. वॉर्डात नुकतेच पाऊल टाकलेले विद्यार्थी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, रुग्णाला रोज जवळून पाहणाऱ्या परिचारिका, अशा सर्वांचे या क्षेत्रात स्वागत आहे. इथे शिरायला महागडे यंत्र लागत नाही. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड, दोन हात आणि कुठे पाहायचे याची जाण एवढे पुरते. त्यातही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. आपण ज्या पाठ्यपुस्तकांवर वाढलो, त्यांतली बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची आहेत. तिथे जी लाली लांबून दिसते, ती आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर नुसता गडद डाग बनून बसते, किंवा दिसतच नाही. खूण आपल्या रुग्णांतही असते. फक्त ती नेमक्या जागी जाऊन शोधावी लागते. पुढची सारी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

या शास्त्राची एक सुरुवातच मुळी त्वचेकडे बारकाईने पाहण्यातून झाली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 11 रुग्णांच्या हकिगती होत्या. थकवा, अशक्तपणा, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि त्यांच्या जोडीला त्वचेचा विचित्र काळसरपणा असे ते चित्र होते. शवविच्छेदनात या रुग्णांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या. त्यांतल्या काहींच्या क्षयाने पोखरलेल्या होत्या. या ग्रंथींचे शरीरात काम काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कॉर्टिसॉल हे नावही जन्माला यायचे होते. या ग्रंथींची संप्रेरके वेगळी काढणाऱ्या आणि त्यांचा उपचारात उपयोग करून दाखवणाऱ्या केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळाले ते 1950 मध्ये, म्हणजे अ‍ॅडिसन यांच्या ग्रंथानंतर 95 वर्षांनी. डोळ्यांनी टिपलेली गोष्ट प्रयोगशाळेला समजायला कधी कधी इतका काळ जातो. जे पाहिले ते नीट लिहून ठेवण्याचे महत्त्व नव्या अभ्यासकाने इथूनच मनावर ठसवून घ्यावे.

हा काळसरपणा का येतो, हे आता आपल्याला माहीत आहे. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवेनाशा झाल्या की पिट्युटरी त्यांना चालना देण्यासाठी एसीटीएच हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात सोडते. ते ज्या मोठ्या प्रथिनापासून तयार होते, त्याच प्रथिनाचे तुकडे रंगपेशींनाही उत्तेजित करतात. शिवाय एसीटीएच स्वतःही त्याच रंगपेशींवर काम करते. मेलॅनिन वाढते आणि माणूस काळवंडतो. मात्र मुळातच सावळ्या असलेल्या, उन्हातान्हात शेतात राबणाऱ्या माणसाचा रंग ‘वाढला’ हे ठरवायचे कसे? त्यासाठी ऊन पोहोचत नाही अशा जागा पाहायच्या. तोंड उघडायला सांगून टॉर्च मारा आणि हिरड्या, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा बघा. तळहात पूर्ण ताणून धरा. त्याच्या रेषा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद आहेत का, ते तपासा. अलीकडच्या एखाद्या ऑपरेशनचा व्रण शोधा. आजार सुरू झाल्यानंतरचा व्रण काळा पडतो, जुना तसा पडत नाही. मग सोबत आलेल्या भावाचा किंवा बहिणीचा तळहात शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे अनेक निरोगी माणसांच्या हिरड्याही मुळात काळसर असतात, त्यामुळे ‘हे आधीपासून आहे का?’ हा प्रश्न टाळता येत नाही. आणि शेवटी रुग्णाला आडवे झोपवून व मग उभे करून रक्तदाब मोजा. रंग गडद, वजन उतरलेले, उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो आणि खारट खाण्याची ओढ आहे, एवढे जुळले तर तपासण्यांना उशीर करू नका. भारतात आजही क्षय हे या विकाराचे एक खरे कारण आहे, म्हणून जुन्या टीबीची चौकशी इथे कर्मकांड म्हणून करायची नसते.

अशाच काळसरपणाचे एक वेगळे कारण आपल्या भागात ठायी ठायी भेटते. 1963 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे हाता-पायांवर काळसरपणा येतो, हे नोंदवले. बोटांच्या पेरांवर तो सर्वांत ठळक दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत ही कमतरता आढळणे नवलाचे नाही. पेरे काळी, जीभ गुळगुळीत, पायांना मुंग्या, चेहरा पांढुरका असे दिसले तर आधी बी-12 आठवावे. उपचार दिल्यावर हा रंग काही महिन्यांत उतरतो. दोन्ही विकारांत पेरे काळी पडतात, दोन्हींत माणूस थकतो. फरक कळतो तो बाकीची तपासणी पूर्ण केली तरच.

यानंतर मानेकडे वळू, कारण आपल्या ओपीडीत रोज दिसणारी खूण तिथे आहे. एखादी आई आठवी-नववीतल्या मुलीला घेऊन येते आणि म्हणते, ‘मानेवर सारखा मळ साचतो, दगडाने घासला तरी जात नाही.’ मुलीने मान खाली घातलेली असते. अशा वेळी वेणी बाजूला घेऊन मानेच्या मागच्या भागावरून बोट फिरवावे. कातडी जाड, किंचित मखमली लागते. वळ्या ठळक झालेल्या असतात. कडा हळूहळू भोवतालच्या रंगात मिसळलेल्या असतात. मग काखा पाहाव्यात, तिथेही तेच आढळते. आजूबाजूला बारीक लोंबते मस असतात. हा अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन ओतते, आणि ते वाढलेले इन्शुलिन त्वचेतल्या पेशींच्या वाढीची केंद्रे चाळवते. साखर अजून बिघडलेली नसते, तरीही पुढच्या मधुमेहाची सूचना मानेवर मिळालेली असते. इथे डॉक्टरांचे पहिले काम आईला सांगणे हे आहे : हा मळ नाही, मुलगी अस्वच्छ नाही, घासणे आजच थांबवा. घासल्याने कातडी आणखी जाड आणि काळी होते. या एका वाक्याने त्या मुलीचा रोजचा अपमान थांबतो. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, पाळी नियमित येते की नाही, हे सारे त्यानंतर.

ही खूण फक्त लठ्ठ माणसांतच शोधू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच मोजमाप शेजारी शेजारी मांडले होते. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरातली चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातली 21.2 टक्के. याज्ञिक यांच्या पुण्यातल्या संशोधनाने हेच बाळांमध्येही दाखवून दिले : आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या शरीरात चरबी टिकून असते. त्यामुळे वजनकाट्यावर ‘ठीक’ ठरलेल्या तरुणाच्या मानेवर ही खूण दिसली तर काट्यापेक्षा मानेवर विश्वास ठेवावा. याउलट पन्नाशी-साठीतल्या, वजन झपाट्याने उतरत असलेल्या माणसात हाच बदल अचानक आणि वेगाने पसरू लागला, ओठ व तळहातही जाड, खरखरीत झाले, तर पोटातल्या, विशेषतः जठराच्या कर्करोगाची शंका घ्यावी. खूण एकच, पण वय, वेग आणि वजन पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

कॉर्टिसॉल जास्त झाल्याने येणारा विकार हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखला जातो. पिट्युटरीतल्या छोट्या गाठींशी त्याचा संबंध जोडणारा त्यांचा निबंध 1932 चा. गोल चेहरा, मानेमागे वशिंडासारखी साठलेली चरबी, वाढलेले पोट आणि बारीक हातपाय हे चित्र सर्वांना पाठ असते. पण साध्या लठ्ठपणातही यातले बरेच काही दिसते. निवाडा करणाऱ्या खुणा त्वचेत आणि स्नायूंत आहेत. पोटावरचे, मांड्यांवरचे आणि काखेजवळचे ताणाचे पट्टे जांभळट आणि एक सेंटिमीटरपेक्षा रुंद आहेत का? गर्भारपणानंतरचे किंवा वजन वाढल्याचे पट्टे सहसा अरुंद आणि फिकट असतात. सावळ्या त्वचेवर जांभळा रंग तपकिरी किंवा काळपट भासतो, म्हणून रंगापेक्षा रुंदीला आणि पट्ट्याच्या पातळ, खोलगट पोताला अधिक महत्त्व द्यावे. किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात का? हाताचा आधार न घेता रुग्णाला उकिडव्यावरून उठता येते का?

आपल्याकडे या विकाराचे सर्वांत मोठे कारण औषधाच्या दुकानातून येते. अंगावर नायटा उठला की माणूस मेडिकलमधून ट्यूब आणतो. तिच्यात ताकदवान स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, मग तीच ट्यूब घरातले सगळे वापरतात, काही जण तर ती गोरेपणाची क्रीम म्हणून चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावतात. नायट्याची कड पुसली जाते, तो ओळखू येईनासा होतो आणि दूरवर पसरतो. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात, नको तिथे लव वाढते आणि ट्यूब बंद केली की आग होते. सांधेदुखीवर घेतलेल्या ‘गावठी पुड्यां’तूनही स्टेरॉइड पोटात जाऊ शकते. अनेक स्टेरॉइड मलमांना 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये आणून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरीही रुग्णाला ‘काही औषध चालू आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही, कारण मलमाला तो औषध मानत नाही. ‘अंगाला, चेहऱ्याला काय लावता? ती ट्यूब घेऊन याल का?’ असे विचारावे. आणि एक इशारा मनापासून : दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचे औषध रागाच्या भरात एकदम बंद करू नये. त्याच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते.

थायरॉईडच्या खुणा डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतात. रुग्णाचा हात हातात घ्या. तो उबदार, ओलसर, मऊ असेल आणि पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरत असेल, तर ग्रंथीचे काम वाढलेले असण्याचा संभव. नखे टोकाकडून सुटू लागली आहेत का, तेही पाहा. हात गार, कोरडा, खरखरीत असेल, चेहरा सुजकट दिसत असेल आणि नडगीवर बोट दाबूनही खळगा पडत नसेल, तर काम मंदावलेले असण्याचा संभव. त्वचेत पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठल्याने ही सूज अशी टणक असते. तळहात पिवळसर दिसले तर डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढरा असेल तर कावीळ नव्हे. थायरॉईड मंदावल्याने आहारातले कॅरोटीन साचून हा रंग येऊ शकतो. हा भेद ट्यूबलाइटच्या उजेडात फसवतो, म्हणून रुग्णाला खिडकीपाशी न्यावे. अंगावर कोड असलेल्या रुग्णाची थायरॉईडही आवर्जून तपासावी, कारण दोन्हींच्या मुळाशी शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती असू शकते.

स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे आणि अंगावरचे केस हा तितकाच नाजूक विषय. फेरिमन आणि गॅल्वे यांनी 1961 मध्ये सुचवलेली आणि पुढे सुधारलेली गुणपद्धती आजही वापरली जाते : वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचे व पाठीचे वरचे-खालचे भाग, दंड आणि मांड्या अशा नऊ जागा, प्रत्येकी शून्य ते चार गुण. पण ओपीडीत येणारी मुलगी बहुधा कालच थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करून आलेली असते. तिथे नुसते पाहून गुण दिले तर ते खोटे ठरतात. ‘किती दिवसांनी करावे लागते?’ हा प्रश्न हळुवारपणे विचारला की खरे प्रमाण कळते. पाळी वर्षानुवर्षे अनियमित आणि केस हळूहळू वाढलेले, तर पीसीओएस बहुतेक. पण काही महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस मागे हटले, तर अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ आहे का, हे तातडीने शोधावे. ‘लग्न झाले की बरे होईल’ हे वाक्य तपासणीच्या खोलीत कोणाच्याही तोंडून निघू नये.

काही विकार इतके सावकाश येतात की रोज सोबत राहणाऱ्यांना ते कळत नाहीत. पॅरिसच्या प्येअर मारी यांनी 1886 मध्ये वर्णन केलेल्या अ‍ॅक्रोमेगालीत नाक, ओठ, जबडा, हात-पाय वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातात. त्वचा जाड, तेलकट, घामट होते. अशा वेळी लग्नाचा अल्बम मागवावा. अंगठी बोटात शिरेनाशी केव्हा झाली, चपलेचा नंबर कितीदा वाढला, हे विचारावे. शीहान विकाराची कथा याहून वेदनादायी आहे. बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झाल्याने पिट्युटरी करपते. बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस गळतात, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या येतात, कातडी निस्तेज होते. इथे कॉर्टिसॉल कमी असूनही काळसरपणा येत नाही, कारण रंगपेशींना चालना देणारी पिट्युटरीच निकामी झालेली असते. ‘बाळंतपणानंतर अंग भरलेच नाही’ असे सांगणाऱ्या बाईला एवढेच विचारावे : दूध आले होते का, आणि पाळी पुन्हा आली का? या दोन प्रश्नांनी कित्येक वर्षे चुकलेले निदान सापडू शकते.

या पुस्तकाची मांडणी विकारांनुसार केलेली नाही. तपासणी जशी चालते, तशी ती हातापासून सुरू होते आणि चेहरा, तोंड, मान, काख, पोट, नडगी अशी पावलांपर्यंत जाते. मधुमेहाच्या रुग्णाची तपासणी तर मोजे उतरवून, बोटांच्या बेचक्या पाहून, तळपायाची संवेदना तपासूनच संपते. कारण रुग्ण रोगाचे नाव सांगत येत नाही, तो शरीर घेऊन येतो. प्रत्येक प्रकरणात आधी निरोगी सावळ्या त्वचेचे वर्णन आहे, मग बदलाचे. आणि तीच खूण निर्माण करणाऱ्या दुसऱ्या कारणांची यादी शेवटी आहे. ती यादी वगळून पुढे जाऊ नये.

या विद्येच्या मर्यादाही सुरुवातीलाच मान्य कराव्यात. त्वचेवरची खूण प्रश्न उभा करते. उत्तर सकाळचे कॉर्टिसॉल, टीएसएच, साखर, गरज पडल्यास स्कॅन यांतून मिळते. खूण नाही म्हणून विकार नाही, असेही होत नाही. आणि शरीर उघडे करून पाहणे हा डॉक्टरांचा हक्क नसून रुग्णाने टाकलेला विश्वास आहे. काय पाहणार आणि का, हे आधी सांगावे, परवानगी घ्यावी, पडदा ओढावा, स्त्रीरुग्णाला तपासताना परिचारिका किंवा घरची बाई सोबत असावी, जेवढे लागते तेवढेच उघडावे आणि लगेच झाकू द्यावे. शेजारी विद्यार्थ्यांचा घोळका असताना तर याचे भान दुपटीने ठेवावे.

वाचन सुरू करताना एक छोटा शिरस्ता घालून घ्या. उद्याच्या ओपीडीत प्रत्येक रुग्णाची नाडी बघताना त्याचा हात जरा जास्त वेळ हातात ठेवा : ऊब, ओल, रेषा, पेरे, नखे. नंतर हिरड्या आणि मान. केसपेपरवर जे दिसले ते लिहा, आणि जे शोधले पण आढळले नाही तेही लिहा : ‘हिरड्या : डाग नाहीत. मान : स्वच्छ, मऊ.’ निरोगी शरीरे अशी डोळसपणे पाहत गेलात, तर ज्या दिवशी एखाद्या तळहाताच्या रेषा खरोखर गडद असतील, त्या दिवशी त्या तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. त्या रुग्णाला वेळेवर उपचार मिळावेत, एवढ्यासाठीच हा अभ्यास आहे. त्यात तुमचे मनापासून स्वागत.